पट्टा चुकून मुलाच्या दंडाला बांधला गेला: एक घर, दोन वयं आणि सोरायसिस

पार्श्वभूमी

हे प्रकरण एकाच घरातल्या दोघांचं आहे. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मुलगा ३१ वर्षांचा, दिवसभर संगणकासमोर बसून काम करणारा. दोघांनाही सोरायसिस, म्हणजे त्वचेवर जाड, खपल्यांचे चट्टे आणणारा आजार, आणि दोघंही माझेच रुग्ण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, घेतलेले निर्णय आणि माझ्या हातून राहून गेलेल्या गोष्टी जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण लिहायला बसलो तो त्यांच्यासाठीच.

या घरात आजार उलट्या क्रमाने आला. आधी मुलाला झाला, १९व्या वर्षी. घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पाठीवर, पोटावर पावसाच्या थेंबांसारखे लाल ठिपके उठले. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे घसा धरल्यानंतर तरुणांमध्ये असं होतं, ते आम्हा त्वचारोगवाल्यांच्या ओळखीचं आहे. ठिपके ओसरले, पण वर्षभरात कोपर, गुडघे, पोटऱ्या आणि डोक्यात जाड खपल्यांचे चट्टे आले आणि ते मात्र गेले नाहीत. वडिलांना पहिला चट्टा दिसला तो ५८व्या वर्षी, मुलानंतर तीन वर्षांनी. "हा मला मुलाकडून लागला," असं काका म्हणायचे आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. घरात मुलाचा टॉवेल, साबण, कंगवा सगळं वेगळं ठेवलेलं होतं. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे पटवायला मला तीन-चार भेटी लागल्या. त्या वेगळ्या टॉवेलने मुलाच्या मनात काय केलं होतं, ते कळायला त्याहून बराच जास्त काळ लागला.

सोरायसिस सुरू होण्याची दोन वयं ठळकपणे दिसतात: एक विशीच्या आसपास, दुसरं पन्नाशी-साठीच्या दरम्यान. १९८५ साली हेन्सेलर आणि ख्रिस्तोफर्स यांनी ४० वर्षांवर रेघ ओढून याचे दोन प्रकार मांडले. लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात आनुवंशिकतेचा धागा जास्त घट्ट असतो, आजार जास्त पसरतो आणि अधिक हटवादी असतो. उशिरा सुरू होणारा बऱ्याचदा त्यामानाने सौम्य असतो. आमचे बाप-लेक या मांडणीत चपखल बसत होते आणि तेच मला नडलं. मांडणीत बसणाऱ्या रुग्णाकडे डॉक्टर जरा कमी निरखून बघतो.

काकांच्या अंगावर साधारण ६ टक्के त्वचेवर चट्टे होते. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे १ टक्का, असा आमचा ढोबळ हिशोब असतो. स्टेरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑलच्या मलमावर त्यांचं बरं चाललं होतं. शिवाय त्यांना मधुमेह होता आणि रक्तदाब होता, त्यासाठी फिजिशियनकडून मेटोप्रोलॉल सुरू होतं. मुलाच्या अंगावर १४ टक्के चट्टे. तो वर्षातून एकदा-दोनदा यायचा, मलमाची चिठ्ठी घ्यायचा आणि गायब व्हायचा. मधल्या काळात दुसरीकडून त्याने दोनदा स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्या चालू असेपर्यंत अंग स्वच्छ व्हायचं, बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त उसळायचं. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड देणं आम्ही टाळतो ते याच कारणाने.

समस्या कशी समोर आली

त्या दिवशी काका नेहमीच्या भेटीसाठी आले होते. मुलगा त्यांना घेऊन आला होता, स्वतःला दाखवायला नव्हे. सिस्टर नव्या होत्या. खुर्चीत मुलगा बसला होता, काका खिडकीपाशी उभे होते. सिस्टरांनी केसपेपर उचलला आणि बीपीचा पट्टा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दंडाला बांधला. आकडा आला १५६/१००. तो काकांच्या कागदावर लिहिला गेला आणि माझ्यापर्यंत पोहोचला.

मी म्हणालो, "काका, आज बीपी बरंच वाढलंय. गोळी चुकली का?"

"माझं अजून मोजलंच नाही डॉक्टर," काका म्हणाले.

दोन मिनिटं कोणालाच उलगडा होईना. मग मुलगा हळूच म्हणाला, "माझं मोजलं त्यांनी. मला वाटलं, सगळ्यांचंच मोजतात."

सगळ्यांचं मोजत नव्हतो, अडचण नेमकी तिथेच होती. बारा वर्षं हा मुलगा माझ्याकडे येत होता आणि त्याच्या जाडजूड केसपेपरवर बीपीचा एकही आकडा नव्हता. वजन एकदाच लिहिलेलं, तेही १९ वर्षांचा असतानाचं. तरुण आहे, त्वचेसाठी येतो, मग कशाला, असा विचारही मी कधी केला नव्हता. न मोजणं इतकं अंगवळणी पडलं होतं.

मग काकांचं मोजलं: १४२/८४. पट्टा सोडल्यावर काकांनी बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. मुलगा पुढे झाला, त्याने बटण लावलं आणि परत खुर्चीत बसला. कोणी काही बोललं नाही. रोजचंच असल्यासारखं ते इतक्या सहज झालं की मीच चमकलो.

"बटण कधीपासून लागत नाही काका?"

"झाली असतील दोन-अडीच वर्षं. वय झालं आता."

मी हात पाहायला मागितले. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून अख्खं फुगलेलं होतं. तर्जनीचं नखाजवळचं पेर वाकडं झालेलं. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, दोन नखं बुडापासून सुटत आलेली. नखांचे खड्डे मी आधीच्या चार भेटींत लिहून ठेवले होते. नखाच्या खालच्या सांध्याकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. केसपेपर मागे उलटत गेलो. चार वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात ओळ होती: "गुडघे, बोटं दुखतात. वयोमानानुसार."

म्हणजे एकाच दिवशी, एकाच पट्ट्यामुळे, दोन गोष्टी उघड झाल्या. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं मी वयाच्या नावावर खपवलं होतं आणि तरुण माणसाचं वय बघून मी त्याचं काही तपासलंच नव्हतं.

तपासण्यांनी काय सांगितलं

काकांचं सकाळचं आखडणं दीड तास टिकायचं. गुडघ्याची झीज असेल तर सकाळी थोडा वेळ आखडल्यासारखं होतं, पण चालायला लागलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि दुखणं दिवसभराच्या वापराने वाढत जातं. काकांचं उलट होतं, विश्रांतीनंतर जास्त आणि हालचालीने कमी. टाचेच्या मागेही दुखत होतं, जिथे स्नायूचा दोर हाडाला जोडलेला असतो तिथे. रक्तात दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला, संधिवाताच्या दुसऱ्या एका प्रकारात बहुधा सापडणारा रुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह. एक्स-रेमध्ये तर्जनीच्या टोकाच्या सांध्याचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं आणि शेजारी नवं हाड धरलेलं होतं. संधिवाततज्ज्ञांनी सोरायटिक आर्थ्रायटिस असं निदान पक्कं केलं.

हा सांधेविकार सोरायसिसच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना गाठतो. बहुतेकांमध्ये आधी त्वचा बिघडते आणि मग काही वर्षांनी सांधे. तो जास्त करून तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, म्हणून साठीपलीकडच्या माणसात त्याची आठवण कमी होते. त्यात साठीनंतर सांध्यांची झीजही असतेच, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. काकांच्या गुडघ्यांत झीज होती, खरोखर होती. एक दुखणं खरं निघालं म्हणून दुसरं नाहीच, असं मी धरून चाललो.

त्याच तपासण्यांत आणखी एक गोष्ट निघाली. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. पहिल्या नजरेला हा आकडा मर्यादेच्या जरासा वर वाटतो, पण वय धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली तर ती ५५वर आली, म्हणजे बरीच उतरलेली. उतारवयात स्नायू घटतात, त्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि नुसत्या आकड्यावरून मूत्रपिंड आहे त्यापेक्षा धडधाकट वाटतं. मी विचारलं तेव्हा कळलं की काका दोन वर्षं जवळपास रोज वेदनाशामक गोळी घेत होते, स्वतःच आणून. मला सांगितलं नव्हतं, कारण "ती गोळी त्वचेची थोडीच आहे!"

मुलाचं चित्र वेगळं. उंची १७० सेंटिमीटर, वजन ९४ किलो, पोटाचा घेर १०८ सेंटिमीटर. घरी आठवडाभर मोजलेल्या बीपीची सरासरी १४८/९४. एचबीएवनसी ६.२, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ट्रायग्लिसराइड २६२, चांगलं कोलेस्टेरॉल ३४, वाईट कोलेस्टेरॉल १४८. यकृताची तपासणी एएलटी ७८, म्हणजे वाढलेली, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी. दिवसाला आठ-दहा सिगारेटी. सांधे मात्र ठीक होते.

ही जोडी योगायोगाची नाही. सोरायसिस हा त्वचेवर दिसणारा, पण अंगभर चालणारा दाह आहे. टीएनएफ, इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ हे जे रेणू त्वचेच्या पेशींना घाईघाईने वाढायला लावतात, ते रक्तात फिरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतात. त्यात पोटावरची चरबी स्वतःच दाह वाढवते. २००६ साली जामा या नियतकालिकात जेल्फंड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्यांनी वयानुसार मोजला होता. तीव्र सोरायसिस असलेल्या ३० वर्षांच्या माणसात तो सोरायसिस नसलेल्या समवयस्काच्या ३.१० पट निघाला, ६० वर्षांच्या माणसात १.३६ पट.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. ६० वर्षांच्या माणसाला झटका येण्याची प्रत्यक्ष शक्यता तरुणापेक्षा कितीतरी जास्तच असते. तिशीतल्या माणसाचा मूळ धोका फार कमी असतो, म्हणून तीन पट होऊनही तो लहानच दिसतो. पण साठीच्या माणसाच्या दंडाला पट्टा कोणीतरी बांधतंच. तिशीतल्याच्या दंडाला कोणी बांधत नाही, आणि पुढची तीस वर्षं तोच दाह त्याच्या रक्तवाहिन्यांत राहणार असतो. हृदयविकाराचा दहा वर्षांचा धोका काढण्याचं एक फार वापरलं जाणारं सूत्र तर ४० ते ७९ याच वयांसाठी आहे. आमच्या ३१ वर्षांच्या मुलाचं वय त्यात भरताच येत नव्हतं.

कोणते पर्याय होते

दोघांना गोळ्या-इंजेक्शनांच्या पातळीवरचा उपचार लागणार होता. आणि इथे एक मजेशीर नव्हे, अगदी शिकण्यासारखी गोष्ट दिसली. तीच औषधं दोघांसाठी अडत होती, पण वेगवेगळ्या अवयवांपाशी.

मेथोट्रेक्सेट हे जुनं, ओळखीचं, आवाक्यातलं औषध. ते शरीराबाहेर जातं मुख्यतः मूत्रपिंडातून, म्हणून काकांच्या बाबतीत ते साचण्याची भीती. मुलाचं मूत्रपिंड उत्तम होतं, पण यकृतावर चरबी होती, आठवड्याच्या शेवटी दारू होती आणि लग्नाला वर्ष झालेलं, मूल हवं होतं. सायक्लोस्पोरिन रक्तदाब वाढवतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं, त्यामुळे ते दोघांसाठीही बाद. ॲसिट्रेटिन प्रतिकारशक्ती दाबत नाही म्हणून वयस्कांत उपयोगी पडतं, पण सांध्यांवर त्याचा फारसा भरवसा नाही आणि ट्रायग्लिसराइड वाढवतं म्हणून मुलाला नको. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार दोघांच्या त्वचेला चालला असता, काकांच्या सांध्यांना त्याचा उपयोग शून्य. दाहाचे ठरावीक रेणू नेमके अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं परिणामकारक, पण खर्चिक आणि आधी दडलेला क्षय तपासणं आवश्यक. काकांची त्यासाठीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. छातीच्या एक्स-रेमध्ये जुना वण होता, चालू आजार नव्हता.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो काकांसाठी मेथोट्रेक्सेट की थेट बायोलॉजिक, हे ठरवायला. संधिवाततज्ज्ञांचं मत थेट बायोलॉजिककडे झुकत होतं, कारण हाड आधीच कुरतडलं गेलं होतं. काकांना इंजेक्शनाची आणि खर्चाची धास्ती होती. "आधी गोळीने बघू ना डॉक्टर," हे त्यांनी तीनदा म्हटलं. मी गोळीच्या बाजूने गेलो. त्यांच्या इच्छेला मान दिला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, माझ्या मनातही "या वयात एवढं मोठं औषध कशाला" हा विचार होताच.

काय केलं

काकांच्या वेदनाशामक गोळ्या पहिल्या दिवशी बंद केल्या. फिजिशियनशी बोलून मेटोप्रोलॉल हळूहळू कमी करत दुसऱ्या गटातल्या औषधावर नेलं. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं काहींमध्ये सोरायसिस भडकवतात, पण ती एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा ५ मिलिग्रॅमने सुरू केलं, आठवड्याने रक्त तपासलं, मग ७.५वर नेलं. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. वार ठरवून दिला, तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिला आणि "रोज नाही, आठवड्यातून एकदाच" हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. हे औषध चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून एवढं मी कधीच सोडत नाही.

तरी घात झाला, दुसऱ्याच वाटेने. अकराव्या आठवड्यात काकांना लघवीला जळजळ आणि ताप आला. त्यांनी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तिथे कोट्रायमोक्सॅझोल दिलं गेलं. हे प्रतिजैविक आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही फॉलिक ॲसिडच्या वाटेवरच घाव घालतात, शिवाय प्रतिजैविकामुळे मेथोट्रेक्सेट अंगातून बाहेर पडायला उशीर होतो. मूत्रपिंड आधीच मंद. पाचव्या दिवशी तोंडात फोड आले, काहीही गिळवेना. पांढऱ्या पेशी २,३००, प्लेटलेट ९६,०००, दोन्ही घसरलेल्या. मुलाने फोन करून "बाबांचं तोंड आलंय" एवढंच सांगितलं, पण त्याने सांगितलं म्हणून वेळ निभावली. दोन्ही औषधं थांबवून काकांना दाखल केलं, मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड दिलं, संसर्गासाठी वेगळं प्रतिजैविक दिलं. पाच दिवसांनी ते घरी गेले.

त्या डॉक्टरांना दोष देता येईल का? काकांनी तिथे सगळ्या गोळ्या सांगितल्या होत्या, पण त्या रोजच्या. आठवड्याची गोळी त्यांना आठवलीच नाही, कारण त्या दिवशी तिचा वार नव्हता. मी त्यांना वार शिकवला होता, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला कार्ड दिलं नव्हतं.

पेशी पूर्ववत झाल्यावर पुन्हा बसलो, या वेळी संधिवाततज्ज्ञांसोबत एकाच टेबलाशी. क्षयाचा प्रतिबंधक उपचार सुरू केला, यकृतावर लक्ष ठेवत. महिनाभराने सेक्युकिनुमॅब सुरू केलं, जे इंटरल्युकिन-१७ अडवतं. त्वचा आणि सांधे दोन्हींवर चालतं, मूत्रपिंडावर भार टाकत नाही आणि क्षय उसळण्याची भीती टीएनएफ-विरोधी इंजेक्शनांपेक्षा कमी. आतड्याचा दाह असलेल्यांना ते टाळतात. तसा त्रास काकांना नव्हता.

मुलाच्या बाबतीत आम्ही किरणोपचार निवडला, आठवड्यातून तीनदा. कामावर जाण्याआधी सकाळची वेळ दिली, नाहीतर तो दोन आठवड्यांत थांबला असता. बीपीसाठी फिजिशियनने एक गोळी सुरू केली. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन द्यावं का, यावर आमचं एकमत नव्हतं. वय ३१, सूत्रात बसत नाही. सहा महिने वजन आणि सिगारेट यांवर काम करून परत मोजायचं ठरलं.

त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलणं झालं ते किरणोपचाराच्या चौथ्या आठवड्यात. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत त्याला १४ गुण होते, मध्यम पातळीचं नैराश्य. मी विचारलं, "बारा वर्षांत एकदाही का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही दर वेळी अंगाचं विचारलंत." आणि मग, थोड्या वेळाने, "मूल झालं तर त्याचाही टॉवेल वेगळा ठेवायचा का?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज स्थिर नव्हता. एका पालकाला सोरायसिस असेल तरी बहुतेक मुलांना तो होत नाही आणि झाला तरी टॉवेल कोणाचाच वेगळा ठेवायचा नसतो, हे मी सांगितलं. समुपदेशकाकडे पाठवलं. जायला तो लगेच तयार झाला. वयस्कांनाही या आजारात नैराश्य येतं, पण तरुणांवर घाव जास्त खोल बसतो, कारण नोकरी, लग्न, मैत्री ही सगळी दारं उघडण्याच्या वयात तो अंगभर बाह्या घालून फिरत असतो.

परिणाम

वर्षाने काकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होती, डोक्यात एक-दोन चट्टे सोडले तर. सकाळचं आखडणं दीड तासावरून दहा मिनिटांवर आलं. वेदनाशामकं बंद झाल्यावर मूत्रपिंडाचा आकडा ५५वरून ६१वर गेला. मधल्या बोटाची सूज उतरली. तर्जनीचं पेर वाकडंच राहिलं. तिथलं हाड गेलं ते गेलं. गुडघ्यांची झीजही आहे तशीच आहे आणि जिने चढताना ती त्यांना जाणवते.

मुलाची वाट एवढी सरळ नव्हती. ३४ वेळा किरणोपचार झाले, चट्टे १४ टक्क्यांवरून ३वर आले. वजन ८५ किलो झालं. एका गोळीवर बीपी १२६/८०, एचबीएवनसी ५.८. सिगारेट सुटली, तीन महिन्यांनी परत लागली, पुन्हा सुटली. वाईट कोलेस्टेरॉल सहा महिन्यांनंतरही १४१ होतं, तेव्हा स्टॅटिन सुरू केलं. नवव्या महिन्यात पुन्हा घसा धरला आणि छातीवर-पाठीवर तेच जुने ठिपके आले. या वेळी तो दुसरीकडे स्टेरॉइडच्या गोळ्यांसाठी गेला नाही, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. किरणोपचाराची दुसरी फेरी चालू आहे. ती पुरली नाही तर त्यालाही बायोलॉजिकचा विचार करावा लागेल, आणि ते आम्ही आत्ताच बोलून ठेवलं आहे.

पुन्हा वेळ आली तर

पहिली गोष्ट, चार वर्षांपूर्वीची ती ओळ. "वयोमानानुसार" लिहिण्याआधी मी तीन प्रश्न विचारायला हवे होते: सकाळी किती वेळ आखडतं, एखादं बोट अख्खं सुजलं होतं का, टाच दुखते का. सोरायसिसच्या रुग्णांसाठी पाच प्रश्नांची पेस्ट नावाची छोटी प्रश्नावली आहे, तीनांना होकार आला तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवायचं. दोन मिनिटं लागतात. आता ती मी वर्षातून एकदा प्रत्येकाकडून भरून घेतो, पंचविशीतल्याकडूनही आणि पंच्याहत्तरीतल्याकडूनही. नखांवर खड्डे असतील तर त्या बोटाचं टोकाचं पेर दाबून पाहतो.

दुसरी गोष्ट, काकांना मेथोट्रेक्सेट द्यायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. कमी मात्रेत, लक्ष ठेवून अनेक वयस्क ते नीट घेतात. पण कुरतडलेलं हाड समोर असताना मी त्यांना दोन्ही वाटा पुरेशा स्पष्ट करून दाखवल्या नाहीत. इंजेक्शनाची धास्ती कशाची आहे हे विचारलं असतं, तर कळलं असतं की त्यांना वाटत होतं रोज टोचावं लागेल. पहिले पाच डोस आठवड्याला एक आणि मग महिन्याला एक, हे ऐकल्यावर त्यांची अर्धी धास्ती तिथल्या तिथे गेली. तीन महिने आणि एक ॲडमिशन यांच्यापेक्षा ते संभाषण फार स्वस्त पडलं असतं.

तिसरी, कार्ड. आता मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड मिळतं. त्यावर औषधाचं नाव, वार आणि खाली ठळक ओळ: "कोट्रायमोक्सॅझोल, ट्रायमेथोप्रिम देऊ नये. वेदनाशामक देण्याआधी विचारावे." तोंडात फोड, ताप किंवा कोरडा खोकला आला तर गोळी थांबवून फोन करायचा, हे मागच्या बाजूला. घरातल्या आणखी एका माणसाला ते वाचून दाखवतो.

मुलाच्या बाबतीत पश्चात्ताप मोठा आहे. १९व्या वर्षी तो आला तेव्हा त्याचं वजन ६८ किलो होतं. त्यानंतर कधी वाढलं, बीपी कधी चढलं, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण नोंदच नाही. बीपी, वजन, पोटाचा घेर, साखर आणि चरबी, एवढं तरी दर वर्षी झालं असतं, तर त्याला ही बातमी ३१व्या वर्षी अपघाताने कळली नसती. आणि त्याच्या मनाबद्दलचे प्रश्न पहिल्या भेटीतच विचारता आले असते, तेव्हा तो वडिलांसोबत आला होता आणि काका दाराजवळच्या खुर्चीत, त्याच्यापासून जरा अंतर ठेवून बसले होते. ते अंतर मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही.

एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तिशीतल्या माणसाला "तुला हृदयाचा धोका जास्त आहे" हे सांगायचं कसं? पहिल्यांदा मी ३.१० पट हा आकडा सांगितला आणि तो दोन रात्री झोपला नाही. दुसऱ्यांदा आकडा न सांगता "काळजी घे" म्हणालो, तर त्याने ते मनावर घेतलं नाही. शेवटी उपयोगी पडलं ते घरचं बीपी यंत्र. रोज सकाळी आधी तो वडिलांचं मोजतो, मग स्वतःचं, आणि दोन्ही आकडे एकाच वहीत लिहिले जातात. वही काका लिहितात. पेन आता ते अंगठा आणि मधल्या बोटात धरतात.